खाणीच्या रस्त्यावरचा गुडघा

सोमवार, ६ ऑक्टोबर

डॉक्टर म्हणाले, गुडघ्याबद्दल रोज लिहीत जा. कधी दुखतो, किती दुखतो, काय केल्यावर दुखतो. मी म्हटलं, त्यापेक्षा कधी दुखत नाही तेवढंच लिहिते, वहीची पानं वाचतील. ते हसले नाहीत. हल्लीच्या तरुण डॉक्टरांना हसायला वेळ नसतो.

तर गुडघा: सकाळी कुरकुरला, चौकात उभी राहिल्यावर गप्प बसला. त्यालाही माझ्यासारखंच काम लागतं.

आज नवा कोट मिळाला. शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झाले तेव्हापासून मी खाणीच्या रस्त्यावरच्या वरच्या चौकात उभी राहून मुलांना रस्ता ओलांडून देते. पगार पोलीस ठाण्याचा, पण अंगावर इतकी वर्षं माझाच गळका रेनकोट. आज कर्टने ठाण्यातल्या जुन्या साठ्यातला एक हिवाळी कोट काढून दिला. कर्ट म्हणजे आमच्या गावचे पोलीसप्रमुख, चीफ टॉर्गरसन. लहानपणी माझ्या हातचं वाटाण्याचं सूप चुकवायला टेबलाखाली लपायचा, त्यामुळे मला त्याला चीफ म्हणणं जमत नाही.

कोट गडद निळा, आतून लोकरीचा, आणि पाठीवर पांढऱ्या ठसठशीत अक्षरांत ‘पोलीस’. लांबूनसुद्धा वाचता येईल इतकं मोठं. मी आरशासमोर वळूनवळून बघितलं. या वयात असा तोरा मिरवायला मिळेल असं वाटलं नव्हतं. खाणीचे ट्रक उतारावरून येताना ड्रायव्हर एका हाताने सँडविच खातात नि दुसऱ्याने गाडी हाकतात. आता हा कोट दिसला की पाय आपोआप ब्रेकवर जाईल.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

गुडघा बरा. पोरं कमी.

खालच्या आळीतली पोरं तर जवळजवळ नाहीतच. तापाची साथ असेल. हिमेनाही आली नाही. तिसरीत आहे, रोज मला एक विनोद सांगते आणि तो संपायच्या आत स्वतःच हसत सुटते, त्यामुळे मला शेवट कधीच कळत नाही.

सोमवार, १३ ऑक्टोबर

साथबिथ काही नाही. शाळेत विचारलं, पोरं वर्गात आहेत. मग माझ्या चौकातून का येत नाहीत?

दुपारी भांडी घासताना लख्ख प्रकाश पडला. हिमेनाच्या आईचं पातेलं! उन्हाळ्यात गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा येसेनिया पातेलंभर तमाले घेऊन आली होती. मक्याच्या पानात बांधलेले, आत डुकराचं मांस, तोंडात विरघळणारे. मी चाटूनपुसून खाल्ले आणि पातेलं रिकामं परत दिलं. रिकामं! माझी आई असती तर तिने मला दारातच धारेवर धरलं असतं. एक चमचा साखर तरी घालायची होती. बायकांमध्ये अशा गोष्टी पसरायला वेळ लागत नाही. सगळी आळी माझ्यावर रुसली असणार.

गुडघ्याचं विसरलेच. होता जागेवर.

बुधवार, १५ ऑक्टोबर

खसखशीचा रोल केला, आमच्या पोलिश पद्धतीचा, नाताळला करतात तसा. कणीक दोनदा फुगवली. संध्याकाळी नवा कोट घालून येसेनियाच्या दारी गेले.

आत टीव्ही चालू होता. बेल वाजवली आणि टीव्ही बंद झाला. पडदा हलल्यासारखा वाटला. मी हाक मारली, “येसेनिया, मी हेलन!” काही नाही. परत बेल वाजवली. शेवटी रोल पायरीवर ठेवून आले.

इतका राग? एका पातेल्यासाठी? मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. घरी येऊन सूप न खाताच बसून राहिले.

शुक्रवार, १७ ऑक्टोबर

सकाळी मुद्दाम येसेनियाच्या गल्लीतून गेले. रोल पायरीवर तसाच होता. आता तो खारींचा झाला होता.

कर्ट चौकात भेटला, खुशीत. म्हणाला, “हेलनबाई, काय गाव आहे आपलं! खालच्या आळीतून महिनाभर एक फोन नाही. भांडण नाही, चोरी नाही, कुणी कुणाला धक्का मारला नाही. ठाण्यातली माझी पोरं जांभया देतायत.”

“चांगलंच आहे की,” मी म्हटलं. “तुझ्या कोटाचा परिणाम असेल.”

आम्ही दोघंही हसलो.

गुडघा थंडीने जरा आखडला.

मंगळवार, २१ ऑक्टोबर

शेजारच्या गावात केंद्र सरकारची इमिग्रेशनची, म्हणजे कागद नसलेल्या परदेशी लोकांना पकडणारी माणसं आली होती. किराणा दुकानाच्या आवारातून काही लोकांना घेऊन गेली. टीव्हीवर दाखवलं. तोंडाला फडकी, आणि अंगावरच्या जाकिटांवर काय, तर ‘पोलीस’. मला भयंकर राग आला. तुमचं स्वतःचं नाव लिहा ना! आमच्या कर्टचं नाव का वापरता? लोकांनी ओळखायचं कसं, कोण कोणाचा ते? नीट तोंडाकडे बघावं म्हणा, पण तोंडं तर झाकलेली.

एव्हारिस्तोच्या बेकरीत गेले होते. त्याचा साखरेच्या कवचाचा गोड पाव माझा शनिवारचा नेम, पण राग आला की मी मंगळवारीही खाते. गल्ल्यापाशी एक टोपली, तीत केशरी प्लास्टिकच्या शिट्या. फुकट. म्हटलं, “एव्हारिस्तो, हॅलोविनला अख्ख्या गावाचे कान किटवणार आहेस की काय?”

“तसंच काहीतरी, डोन्या हेलेना.” त्यांच्या स्पॅनिशमध्ये म्हणजे हेलनबाई.

“मला नको रे. माझी ही बघ.” मी कोटाच्या आतून माझी पितळी शिटी काढून दाखवली. वर्षातून एखाद्या वेळीच वाजवते, एरवी हातातली ‘थांबा’ची पाटी पुरते. पण वाजली की खाणीपर्यंत ऐकू जाते. एव्हारिस्तोने शिटीकडे बघितलं, मग कोटाकडे. एरवी इतका बोलका माणूस, आज पाव बांधून देतानाही गप्प. त्याच्याही कानावर पातेल्याची गोष्ट गेलेली दिसते.

गुरुवार, २३ ऑक्टोबर

आज कळलं पोरं कुठून जातात. खालच्या वळणावरून! बेकरीच्या पुढे, जिथे ट्रक वळून येईपर्यंत दिसतच नाही. तिथे ना पट्टे, ना पाटी, ना मी. हिमेना दोन बारक्यांचे हात धरून पार्क केलेल्या गाडीआडून डोकं बाहेर काढते नि धावत सुटते. मी वरून बघत होते, इतक्या लांबून पाटीचाही उपयोग नाही.

रुसा माझ्यावर हवं तेवढं. पण पोरांचा जीव धोक्यात घालून? उद्या मी स्वतः जाऊन उभी राहणार. बघू कोण काय म्हणतं.

गुडघ्याला रागाने बरं वाटतं, हा नवा शोध.

शुक्रवार, २४ ऑक्टोबर

नीट क्रमाने लिहिते, म्हणजे मलाही कळेल.

सकाळी वरचा चौक मोकळाच होता, म्हणून खालच्या वळणावर गेले. येसेनिया लॉन्ड्रीच्या दारात उभी राहून लेकीवर नजर ठेवून होती. तिथेच काम करते ती. हिमेना गाडीआडून निघाली. आणि वळणावरून ट्रक. ड्रायव्हर खाली बघत होता, काय बघत होता देव जाणे.

मी शिटी तोंडात घातली आणि छातीत होतं नव्हतं तेवढं सगळं तिच्यात ओतलं.

ट्रक किंचाळत थांबला. हिमेना मागे पडली, बारकी तिच्या अंगावर. कुणाला खरचटलंही नाही. मी म्हटलं, वाचलो. आता येसेनिया धावत येईल, रडेल, मीही थोडं रडेन, पातेल्याचा विषय संपेल.

तेवढ्यात वरच्या एका खिडकीतून दुसरी शिटी वाजली. मग लॉन्ड्रीतून. मग मागच्या गल्लीतून, मग सगळीकडून, नुसत्या शिट्या. एव्हारिस्तोचं शटर धाडकन खाली आलं. समोरच्या घराचं छप्पर दुरुस्त करणाऱ्या माणसाने शिडी वर ओढून घेतली आणि आडवा झाला. बायकांनी आपली-परकी न बघता पोरं उचलली. येसेनिया आली खरी, पण माझ्याकडे बघितलंही नाही. हिमेनाला बखोटीला धरून पळाली. हिमेनाचा एक बूट रस्त्यातच राहिला.

डोळ्यांची उघडझाप होईतो रस्त्यावर मी आणि ट्रकवाला.

“काय झालं हो?” त्याने खिडकीतून विचारलं.

“माहीत नाही,” मी म्हटलं.

मी मागे वळून बघितलं, कोण आलंय ते. कोणीच नव्हतं.

शनिवार, २५ ऑक्टोबर

बूट घेऊन बेकरीत गेले. शटर अर्धं उघडं होतं. एव्हारिस्तोने मला आत मैद्याच्या पोत्यांजवळ नेलं, खुर्ची दिली, स्वतः उभा राहिला.

“डोन्या हेलेना, एक विचारू? तुमच्या पाठीवर काय लिहिलंय?”

“पोलीस. दिसत नाही?”

“आणि त्यांच्या पाठीवर?”

मला टीव्हीवरची ती जाकिटं आठवली.

“आणि या शिट्या हॅलोविनच्या नाहीत. ते लोक दिसले की वाजवायच्या. आमची ठरलेली खूण आहे. ऐकली की घरात जायचं, दार लावायचं.” त्याने बूट माझ्या हातातून घेतला, त्यावरची धूळ झटकली. “तुम्ही पोरीला वाचवायला वाजवलीत. मी दारातून बघितलं, मला माहीत आहे. पण मागच्या गल्लीतल्या माणसाला नुसती शिटीच ऐकू आली ना. काल दिवसभर कुणी कामावर गेलं नाही. पोरांना लॉन्ड्रीत कपड्यांच्या ढिगामागे बसवून ठेवलं होतं. आणि ज्यांनी खिडकीतून बघितलं त्यांनी सांगितलं, पोलिसाचा कोट घातलेल्या बाईने वाजवली.”

“पण मला तर सगळे ओळखतात!”

“पाठमोरं कोण ओळखतं?”

मी विचारलं, मग पातेल्याचं काय. त्याला पातेलं माहीतच नव्हतं. मी सगळं सांगितलं, रिकाम्या भांड्यापासून खारींपर्यंत. तो आधी हसला, मग डोळे पुसले, मग मला पाव दिला. मी तो तिथेच बसून खाल्ला.

निघताना तो आणखी एक बोलला. दोन आठवड्यांमागे त्याच वळणावर ट्रकचा आरसा येसेनियाच्या हाताला लागला. हात काळानिळा. ट्रक थांबलासुद्धा नाही. तिने पोलिसांना कळवलं नाही. कसं कळवणार?

येसेनियाकडे कागद आहेत की नाहीत, मी विचारलं नाही. इतकी वर्षं कधी विचारलं नाही, आता कशाला.

घरी येऊन कोट काढला, घडी घातली, खुर्चीवर ठेवला. मग ती अक्षरं दिसू नयेत म्हणून उलटा ठेवला. तीन आठवडे मी हे पाठीवर घेऊन हिंडत होते. आणि मी समजत होते, लोक भांड्यावरून माझ्यावर रुसलेत.

रविवार, २६ ऑक्टोबर

चर्चनंतर तळघरात धिरड्यांची न्याहारी होती. कर्ट पाकात बुडवून खात होता. मी कोट त्याच्या शेजारच्या खुर्चीवर ठेवला.

“का? तोकडा होतो?”

“कर्ट, तुझ्या खालच्या आळीतून फोन येत नाहीत ना, ते आळी सुखात आहे म्हणून नाही. लोक तुला फोन करायला घाबरतात म्हणून.”

मग येसेनियाच्या हाताचं सांगितलं, नाव न घेता. वळणाचं सांगितलं, शिटीचं सांगितलं. त्याने काटा खाली ठेवला. धिरडं गार झालं तरी परत उचलला नाही. एवढ्या मोठ्या माणसाचा चेहरा एकदम टेबलाखाली लपणाऱ्या पोरासारखा झाला.

“मी तर मेयरना सांगून आलो की गाव शांत आहे,” तो म्हणाला.

“मीही तुला चांगलंच आहे म्हटलं होतं.”

“हेलनबाई, मी खोटं सांगणार नाही. ते लोक आले तर मी त्यांना अडवू शकत नाही. तो माझा अधिकार नाही. पण आमच्यापैकी कुणी कुणाला कागद विचारत नाही, विचारणार नाही. हे मी लोकांना कसं सांगू? गाडी घेऊन गेलो तर पळतील.”

“मग गाडी नेऊ नकोस. आधी ट्रकांचं बघ. आणि मला खालच्या वळणावर उभं राहू दे. पोरं माझ्याकडे येत नाहीत, तर मी पोरांकडे जाते.”

“कोटाशिवाय? थंडी सुरू झाली.”

“ते माझं मी बघते.”

सोमवार, २७ ऑक्टोबर

माझ्या नवऱ्याचं, स्टॅन्लीचं, शिकारीचं लाल चौकटीचं जाकीट काढलं. तो गेल्यापासून कपाटात होतं. खिशात अजून त्याच्या खोकल्याच्या गोळ्या निघाल्या. वरून माझा चमकता पट्टा. शिटी घरी, चमच्यांच्या खणात.

पण शिटीशिवाय ट्रकवाल्याला हाक मारायची कशी? तळघरात जाऊन बाबांच्या गोठ्यातली गायीची घंटा शोधून काढली. बाबांच्या सगळ्या गायींत ती एकीच्याच गळ्यात असायची, कारण तीच पळून जायची.

दिवसभर वळणावर उभी राहिले. कोणी आलं नाही. पडद्यांआडून लोक बघत होते, ते मात्र कळत होतं. मी अधूनमधून घंटा वाजवून पाठ दाखवली, म्हणजे पाठीवर काही लिहिलेलं नाही हे बघून घ्या. वेड्यासारखी दिसत असणार.

गुडघा दुखला. जाकीट पुरेसं जाड नाही.

बुधवार, २९ ऑक्टोबर

हिमेना आली. रस्त्याच्या कडेला उभी राहून बराच वेळ माझ्याकडे बघत होती.

“ही घंटा कुठल्या गायीची?”

“माझ्या बाबांच्या. मार्था नाव तिचं.”

“ती कुठे आहे?”

“ती फार जुनी गोष्ट आहे गं. मी तुझ्याएवढी होते.”

“म्हणजे तुम्ही तिला खाल्लं.”

मी पाटी उंच धरली, घंटा वाजवली, ट्रक थांबला, ती ओलांडून गेली. पलीकडून ओरडली, “मिस हेलन, खाल्लंत ना पण?” आणि हसत सुटली. मी इकडे एकटीच रडत होते आणि ट्रकवाला वाट बघत होता.

शुक्रवार, ३१ ऑक्टोबर

कर्ट स्वेटर घालून बेकरीत आला, चालत. खाणीच्या मॅनेजरला भेटला म्हणे, आता ट्रक वळणावर पायी चालणाऱ्याच्या वेगाने येतील, नाहीतर रोज दंड. गल्ल्यापाशी उभा राहून त्याने पाव घेतला, कॉफी घेतली, आणि कुणी विचारलं नसताना म्हणाला, “कुणाला ट्रकने धक्का दिला तर मला सांगा. नाव नको. ट्रकचा नंबर द्या, पुरे.” एव्हारिस्तोने त्याला एक पाव जास्त बांधून दिला.

ठाण्यातला माणूस आमच्या वळणावर पट्टे रंगवून गेला. रंग वाळायच्या आत पोरांनी त्यावर पाय उमटवले.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

आता जवळजवळ सगळी येतात. आयाही. येसेनिया आज पहिल्यांदा माझ्याशेजारी थांबली.

“तो रोल,” ती म्हणाली, “आम्ही हात लावला नाही. पोलीस दारात काहीतरी ठेवून गेला असं वाटलं. तुमची हाक ऐकली होती, पण डोळ्यांना कोटच दिसत होता. मग दोन दिवस खिडकीतून खारींना खाताना बघितलं. काय वास येत होता, डोन्या हेलेना! जीव नुसता कळवळत होता.”

“आणि पातेलं?”

“कुठलं पातेलं?”

मी म्हटलं, जाऊ दे.

मग तिने बाही वर केली आणि हात दाखवला. पिवळा पडला होता, बरा होत होता. ट्रकचा नंबर तिला पाठ होता. मी कर्टला सांगू का, असं विचारलं. “सांगा,” म्हणाली, “पण मी सांगितलं असं नका सांगू.” मग म्हणाली, “मला बाकी कशाची भीती नाही. सकाळी हिला शाळेच्या दारात सोडेपर्यंतच. ही आत गेली की मग माझं काहीही होवो. हिच्यादेखत नको, एवढंच.”

मी तिच्याबरोबर रस्ता ओलांडला, तिला गरज नसताना.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

गुडघा उत्तम. कालपासून जिन्याचा कठडा न धरता उतरते आहे. डॉक्टरांना आवडेल.

बुधवार, १२ नोव्हेंबर

आज सकाळी शाळेच्या वेळेला वळणावरून ट्रकाऐवजी दोन गाड्या आल्या. काळ्या काचांच्या, बाहेरगावच्या. पुढच्या सीटवर तोंडाला फडकी लावलेली माणसं.

येसेनिया आणि हिमेना नुकत्याच फुटपाथवरून खाली उतरल्या होत्या. पलीकडे शाळेचं दार. येसेनियाने गाड्या बघितल्या आणि जागच्या जागी थिजली. हिमेना तिला कालचा विनोद सांगत होती, पोरीला काही कळलं नव्हतं.

शिटी चमच्यांच्या खणात होती. असती तरी मी वाजवली असती का, ते मला माहीत नाही. माझं काम रस्ता ओलांडून देणं. मी तेवढंच केलं.

मी घंटा वाजवली, पाटी उंच धरली आणि रस्त्याच्या मधोमध गेले. पाटी वर असेपर्यंत कोणतीही गाडी हलत नाही, मग ती खाणीची असो की केंद्राची. मी रस्त्यात आहे तोवर पाटी वर असते. हा नियम माझा नाही, राज्याचा आहे.

“चल गं,” मी येसेनियाला म्हटलं. “माझ्याबरोबर चाल. बघायचं नाही कुठे. हिमेना, विनोद सांग.”

आणि नेमका तेव्हाच गुडघा धरला. इतके दिवस बरा होता, पण त्याने हाच मुहूर्त निवडला. मी एक पाऊल टाकलं आणि थांबले. पुन्हा एक टाकलं. त्या दोघी पुढे झाल्या, मी मागे, पाटी वर. मागून बाकीच्या आया नि पोरं येत राहिली, त्यांनाही ओलांडायचं होतं.

पहिल्या गाडीची काच खाली झाली. “मॅडम, जरा लवकर.”

“हो हो, बाळा. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. तुझी आई आहे ना? तिला विचार, ही काय वेदना असते.”

डोळ्यांवरून तो फार लहान वाटला. कुणी त्यालाही शाळेत जाताना रस्ता ओलांडून दिला असेल.

मग माझा हातमोजा पडला. वाकून उचलायला गुडघा तयार नाही. पाटी वर ठेवून एका हाताने उचलायचा, म्हणजे वेळ लागणारच. तोवर मी शाळेच्या दाराकडे बघत होते. हिमेना आत गेली. येसेनियाही तिच्या मागोमाग आत गेली. मुख्याध्यापिकेने दार लावून घेतलं. मला ते दार लागलेलं ऐकू आलं नाही, पण दिसलं.

मग गुडघा जरा हलका झाला आणि मी फुटपाथवर चढले. पाटी खाली केली. गाड्या पुढे गेल्या, शाळेवरून, उतारावरून, गावाबाहेर. आज इथे कोणाला शोधत होत्या की नुसत्या जात होत्या, कोण जाणे.

दुपारी कर्टने ठाण्यात बोलावलं. तक्रार आली होती म्हणे. मुलांना रस्ता ओलांडून देणाऱ्या बाईने वाजवीपेक्षा जास्त वेळ वाहतूक अडवली. तो पेन घेऊन बसला होता, चेहरा अगदी चीफसारखा.

“हेलनबाई, मला उत्तर लिहायचं आहे. गुडघ्याचा त्रास आहे ना तुम्हाला?”

“आहे.”

“डॉक्टरांना माहीत आहे?”

“त्यांनीच सांगितलंय रोज लिहून ठेवायला.”

त्याने तेवढंच लिहिलं आणि सही केली. मग खुर्चीत मागे टेकून म्हणाला, “त्या वाटाण्याच्या सुपाचं काय झालं? परत कधी करत नाही का?” मी म्हटलं, रविवारी ये, या वेळी टेबलाशी बसून खायचं.

संध्याकाळी दार उघडलं तर पायरीवर तेच पातेलं. गरम. झाकणाला फडकं गुंडाळलेलं. मी दार लावायच्या आत दोनदा रस्त्यावर बघून घेतलं, खारी नाहीत ना.

पातेलं आता घासून ओट्यावर ठेवलंय. उद्या खसखस आणायला हवी.

डॉक्टरांसाठी: आज रस्त्याच्या मधोमध गुडघा फार दुखला. त्याआधी नाही, नंतरही नाही.